इस्त्री लावली की दिवा लुकलुकतो : एकाच सर्किटवरचे दिवे आणि सॉकेट, एक प्रकरण

दोन खोल्या, मध्ये अरुंद पॅसेज. या भागातले दिवे, पंखे आणि सॉकेट डीबीतल्या (घरातली वीज वाटून देणाऱ्या पेटीतल्या) एकाच एमसीबीवर (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचवर) आहेत, असे घरच्यांनी सांगितले. तक्रार अशी की आतल्या खोलीत इस्त्री लावली की तिथला आणि पॅसेजमधला दिवा लुकलुकायला लागतो. बाहेरच्या खोलीतले दिवे मात्र स्थिर राहतात. तीच इस्त्री बाहेरच्या खोलीतल्या सॉकेटला लावली, तर घरात कुठेच काही होत नाही.

यातली शेवटची दोन वाक्ये सगळ्यांत मोलाची होती, आणि घरातल्या काकूंनी ती विचारल्यावरच सांगितली. आधी येऊन गेलेल्या वायरमननी ती विचारली नसावीत, कारण त्यांचे सगळे काम दिव्याभोवतीच झाले होते. आधी बल्ब बदलला, मग होल्डर, मग स्विच. "दादा, आता म्हणतात भिंती फोडून सगळी वायरिंग नवीन करा," काकू म्हणाल्या. भिंती फोडायची गरज नव्हती. पण जे निघाले ते बल्ब-होल्डरपेक्षा फार गंभीर होते.

आधी काय काय बदलले होते

थंडीच्या दिवसांत बाहेरच्या खोलीत २००० वॅटचा हीटर चालायचा आणि त्याच वेळी आत १५०० वॅटची इस्त्री. २३० व्होल्टवर दोन्ही मिळून १५ अँपिअरहून थोडा जास्त प्रवाह होतो. एमसीबी १० अँपिअरचा होता, तो काही मिनिटांनी पडायचा. ते त्याचे कामच होते. पण "एमसीबी कमजोर झालाय" असे ठरवून कोणीतरी तिथे २० अँपिअरचा बसवला. शिवाय इस्त्रीची जाड पिन आतल्या बोर्डातल्या ६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये जात नव्हती, म्हणून तो काढून ६ आणि १६ अशा दोन्ही पिना घेणारा सॉकेट लावला. मागची वायर जुनीच राहिली.

हे दोन बदल घरोघरी होतात आणि दोन्ही दिसायला निरुपद्रवी असतात, म्हणून त्यावर जरा थांबतो. एमसीबी उपकरणासाठी नसतो, वायरसाठी असतो. घरगुती एमसीबीच्या प्रमाणानुसार त्याने आपल्या आकड्याच्या १.१३ पट प्रवाहावर तासभर पडायचे नाही आणि १.४५ पट प्रवाहावर तासाभरात पडलेच पाहिजे. म्हणजे २० अँपिअरच्या एमसीबीमधून जवळजवळ २९ अँपिअर प्रवाह बराच वेळ वाहू शकतो. भिंतीतल्या पाइपमधून गेलेली १.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची पीव्हीसी वायर, ती कशी टाकली आहे त्यानुसार, साधारण १४ ते १७ अँपिअर सांभाळते. तेव्हा २० अँपिअरच्या एमसीबीखाली ती वायर तापून तिचे इन्सुलेशन कडक होऊन तडकले, तरी एमसीबीला त्याचा पत्ता लागणार नाही. एका सर्किटवर दोन जाडीच्या वायर असतील तर एमसीबी सर्वांत बारीक वायरीच्या मापाने निवडायचा. इथे सुरुवातीचा तुकडा २.५ स्क्वेअर एमएमचा होता. डीबी उघडल्यावर तोच दिसतो आणि २० चा एमसीबी चालेल असे वाटते. बारीक वायर पुढे, भिंतीत असते.

एकत्र सर्किट मुळात चूक आहे का

घरच्यांचा पहिला प्रश्न हाच होता. उत्तर सरळ "नाही" असे आहे. अमेरिकेत दिवे आणि साधे सॉकेट एकाच सर्किटवर ठेवणे नित्याचे आहे. स्वयंपाकघर, न्हाणीघर अशा जागांच्या सॉकेटना तेवढी वेगळी सर्किटे लागतात. ब्रिटनमध्ये दिव्यांचे सर्किट ६ अँपिअरचे वेगळे आणि सॉकेटचे ३२ अँपिअरचे रिंग (सगळ्या सॉकेटमधून फिरून परत डीबीत येणारे सर्किट) वेगळे अशी जुनी पद्धत आहे. भारतीय प्रमाणातला रूढ नेम असा की दिवे, पंखे आणि छोटे सॉकेट एका सर्किटवर घ्यायला हरकत नाही, पण एकूण पॉइंट १० पेक्षा जास्त नकोत आणि भार ८०० वॅटच्या आत हवा. १६ अँपिअरच्या सॉकेटची लाइन वेगळी. तिन्ही पद्धतींमध्ये मूळ विचार एकच दिसतो: सॉकेटला लोक काय लावतील ते वायरिंग करणाऱ्याच्या हातात नसते, दिव्याचा भार मात्र ठरलेला असतो.

एलईडीमुळे दिव्यांचा भार तर आता नगण्य झाला आहे. ९ वॅटचे आठ दिवे म्हणजे ७२ वॅट, प्रवाह अर्ध्या अँपिअरच्या आसपास. त्यामुळे एकत्र सर्किटमध्ये दिवे सॉकेटला त्रास देत नाहीत. त्रास उलट दिशेने होतो. सॉकेटमुळे एमसीबी पडला की दिवेही जातात आणि माणूस अंधारात तापलेल्या इस्त्रीपाशी उभा राहतो. माझे मत विचाराल तर खोलीतला निदान एक दिवा त्या खोलीच्या सॉकेटपेक्षा वेगळ्या एमसीबीवर असावा. पण ज्या घरात तसे नाही ते घर धोकादायक, असे म्हणता येत नाही. या घरात धोका होता, आणि तो सर्किट एकत्र असल्यामुळे नव्हता.

नकाशा

कुठलाही बोर्ड उघडण्याआधी आम्ही एकेक एमसीबी बंद करून काय बंद होते आणि काय चालू राहते ते कागदावर काढले. कंटाळवाणे काम आहे, म्हणून बहुतेक ठिकाणी वगळले जाते.

डीबीतून २.५ स्क्वेअर एमएमची वायर बाहेरच्या खोलीच्या बोर्डापर्यंत, सुमारे १२ मीटर. तिथून १.५ स्क्वेअर एमएमची वायर पॅसेजमधून आतल्या बोर्डापर्यंत, आणखी १४ मीटर. बाहेरच्या खोलीतल्या दिव्यांचा न्यूट्रल (प्रवाह परत नेणारी तार) बाहेरच्या बोर्डाच्या आधी, वरच्या जंक्शन बॉक्समधून निघालेला. म्हणजे बाहेरच्या बोर्डात किंवा त्याच्या पुढे काही बिघडले, तर बाहेरचे दिवे शाबूत राहणार आणि आतले व पॅसेजमधले बिघडणार. तक्रारीशी हे तंतोतंत जुळत होते. इस्त्री बाहेरच्या सॉकेटला लावल्यावर काही होत नाही, कारण तेव्हा तिचा प्रवाह बिघडलेल्या जागेतून जातच नाही.

एक गोष्ट मात्र जुळली नाही. या सर्किटचा एमसीबी बंद केला तरी पॅसेजमधला दिवा चालूच राहिला. इस्त्रीमुळे लुकलुकणारा दिवा इस्त्रीच्या सर्किटवर नाही! त्याचा फेज (वीज आणणारी तार) दुसऱ्या सर्किटवरून येत होता. तरी तो लुकलुकतो, याचा अर्थ त्याचा न्यूट्रल या सर्किटचा. तेवढे कागदावर लाल शाईने लिहून ठेवले आणि पुढे गेलो.

मीटर काय सांगतो

आतल्या सॉकेटला थर्मोस्टॅट नसलेला १५०० वॅटचा हीटर लावला, म्हणजे भार एकसारखा राहतो. इस्त्री स्वतःच चालू-बंद होत राहते, तिच्यावर माप घेतले तर आकडे फसवतात. क्लॅम्प मीटरवर प्रवाह ६.३ अँपिअर आला.

भार नसताना आतल्या सॉकेटवर २३० व्होल्ट होते. भार लावल्यावर २२०.६. साडेनऊ व्होल्टची घसरण. ही जास्त आहे की ठीक, ते वायरीच्या हिशेबावरून कळते. २.५ स्क्वेअर एमएमच्या वायरीचा रोध मीटरला साधारण साडेसात मिलिओहम, १.५ च्या वायरीचा सुमारे १२ मिलिओहम. जाऊन-येऊन लांबी धरली तर पहिल्या टप्प्याचा रोध ०.१८ ओहम आणि दुसऱ्याचा ०.३४ ओहम. ६.३ अँपिअरला दोन्ही मिळून सव्वातीन-साडेतीन व्होल्ट पडायला हवेत. इथे वरचे सुमारे ६ व्होल्ट कुठेतरी हरवत होते.

कुठे, याचे उत्तर अर्थिंगच्या तारेने दिले. अर्थिंगमधून एरवी प्रवाह वाहत नसल्याने तिच्यावर व्होल्टेज पडत नाही. ती डीबीपर्यंत ताणलेली मोजपट्टीच समजा. भार चालू ठेवून आतल्या सॉकेटवर फेज आणि अर्थ यांच्यामध्ये मोजले: २२८.३. म्हणजे फेजच्या बाजूला जेमतेम पावणेदोन व्होल्ट गेले, जे वायरीच्या हिशेबात बसतात. मग न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये मोजले: ७.७. तिथेही पावणेदोनच हवे होते. तोच हीटर आतच चालू ठेवून बाहेरच्या बोर्डातल्या सॉकेटवर न्यूट्रल-अर्थ मोजले तर अर्ध्या व्होल्टच्या थोडे वर. म्हणजे बिघाड न्यूट्रलमध्ये, आणि बाहेरच्या सॉकेटचे टर्मिनल ते आतला बोर्ड या पट्ट्यात. भिंतीला हातही न लावता एवढे कळले.

हा आकडा केवढा गंभीर आहे ते पाहा. सहा व्होल्ट गुणिले ६.३ अँपिअर म्हणजे सुमारे ३८ वॅट. एवढी उष्णता एका स्क्रूखालच्या जोडात, बंद बोर्डाच्या आत, प्लास्टिकला चिकटून तयार होत होती. इलेक्ट्रॉनिक्सच्या कामातले साधे सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचे असते.

आणि हे एमसीबीला दिसत नाही. सैल जोड उपकरणाच्या मालिकेत येतो, त्याने प्रवाह वाढत नाही, किंचित कमीच होतो. आरसीसीबीलाही (गळती झाली की वीज तोडणाऱ्या स्विचलाही) दिसत नाही, कारण गळती कुठेच नाही. फेजमधून जितका गेला तितका न्यूट्रलमधून परत आला. सर्व संरक्षण जागच्या जागी ठणठणीत असताना बोर्ड जळू शकतो, तो असा. घरातल्यांना त्याची खबर द्यायला फक्त लुकलुकणारा दिवा आणि कधीतरी येणारा करपट वास एवढेच उरते.

इथे एलईडीबद्दल एक गोष्ट नोंदवायला हवी. जुन्या फिलामेंटच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण साडेतीन या घातांकाने बदलतो. चार टक्के व्होल्टेज पडले की प्रकाश तेरा-चौदा टक्के कमी होतो आणि डोळ्याला लगेच कळतो. चांगल्या ड्रायव्हरचा एलईडी दिवा ही घसरण झाकून टाकतो आणि तसाच उजेड देत राहतो. म्हणून चांगला एलईडी दिवा भाराबरोबर लुकलुकायला लागला, तर निव्वळ व्होल्टेज कमी झाले असे समजून चालत नाही. जोड क्षणोक्षणी तुटतो आणि जुळतो आहे, अशी शंका घ्यावी आणि त्या सॉकेटचा वापर त्याच दिवशी थांबवावा.

बोर्ड उघडल्यावर

एमसीबी बंद केला, तो कोणी चालू करू नये म्हणून त्यावर कुलूप लावले. मीटर आधी चालू सॉकेटवर तपासला, मग बंद सर्किटवर फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ अशी तिन्ही मापे घेतली, आणि मीटर पुन्हा चालू सॉकेटवर तपासला. नुसत्या टेस्टरवर हे सोडत नाही. शेजारच्या वायरीच्या प्रभावाने टेस्टरचा निऑन बंद तारेवरही मंद पेटतो, आणि उजेडात चालू तारेवरचा पेटलेला दिसत नाही.

बाहेरच्या बोर्डातला सॉकेट पुढे ओढला. न्यूट्रलच्या टर्मिनलमध्ये दोन वायर एकाच स्क्रूखाली होत्या: डीबीकडून आलेली २.५ ची आणि पुढे जाणारी १.५ ची. जाड वायरीने स्क्रूचा सगळा दाब घेतला होता आणि बारीक वायर तिच्या बगलेत नुसती टेकलेली. त्यात भोकात बसावी म्हणून बारीक वायरीतल्या केसासारख्या काही तारा कापलेल्या. प्रवाह वाहिला की जोड तापतो, तांबे फुगते. बंद झाला की आकसते. इस्त्रीचा थर्मोस्टॅट हे दर मिनिटाला करत राहतो. हळूहळू दाब कमी होतो, तांब्यावर काळा थर चढतो, रोध वाढतो, उष्णता आणखी वाढते. बारीक वायरीचे इन्सुलेशन टर्मिनलपाशी तपकिरी होऊन बोटाने सोलले जात होते आणि सॉकेटची मागची बाजू विरघळून वाकली होती.

चूक फक्त सैल स्क्रूची नाही. पुढच्या सगळ्या भागाचा न्यूट्रल एका सॉकेटच्या टर्मिनलमधून पार जात होता. उद्या तो सॉकेट बदलायला कोणी ती वायर सोडवली, तर पुढच्या सगळ्या भागाचा न्यूट्रल तुटणार. न्यूट्रल तुटला की दिवे बंद होतात आणि घरच्यांना वाटते वीज गेली. पण फेज तर आहेच. तो चालू दिव्यातून किंवा पंख्यातून पार होऊन तुटलेल्या न्यूट्रलच्या तारेवर येतो. सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो ती हीच अवस्था. वायरमन मंडळींना ही खूण माहीत असते, घरच्यांनाही माहीत असावी: दोन्हीकडे टेस्टर पेटला तर कशालाही हात न लावता मेन बंद करायचा.

पॅसेजचा दिवा

आम्ही दोन्ही न्यूट्रल वेगळे केले आणि पुढे जाणाऱ्या तारेवर पुन्हा मीटर लावला. एमसीबी बंद, कुलूप लावलेले, आणि तरी त्या न्यूट्रलवर अर्थच्या तुलनेत २०० व्होल्टच्या वर! लाल शाईने लिहिलेली नोंद इथे समोर आली. पॅसेजच्या दिव्याला दोन टोकांना टू-वे स्विच, म्हणजे कुठल्याही टोकाहून दिवा लावता-विझवता येणारे, होते. एक स्विच मुख्य दाराजवळच्या बोर्डात. त्याला फेज तिथल्या, म्हणजे दुसऱ्या सर्किटवरून दिलेला. दिव्याचा न्यूट्रल मात्र जवळ पडतो म्हणून आतल्या बोर्डाच्या तारेतून घेतलेला. दुसऱ्या सर्किटचा फेज दिव्यातून पार होऊन आमच्या हातातल्या "बंद" न्यूट्रलवर येत होता. न्यूट्रल सोडवण्याआधी मीटर शून्य दाखवत होता आणि तो खरेच शून्य होता, कारण तार डीबीतल्या न्यूट्रल लिंकला (सगळे न्यूट्रल जिथे एकत्र येतात त्या पट्टीला) जोडलेली होती. जोड सोडवल्याच्या क्षणी ती जिवंत झाली. म्हणून न्यूट्रल वेगळा केल्यानंतरचे माप कधीच टाळू नये. अनुभवी हातसुद्धा इथे फसतात, कारण बंद एमसीबीवर विश्वास बसलेला असतो.

उसना न्यूट्रल टू-वे दिव्यांमध्ये सर्वांत जास्त सापडतो, जिन्यात आणि पॅसेजमध्ये, कारण दोन स्विच दोन वेगळ्या सर्किटांच्या हद्दीत येतात आणि एक तार वाचवण्याचा मोह होतो. या घरात तो इतकी वर्षे लपून राहिला, कारण सगळ्या घराला एकच आरसीसीबी होता. दोन्ही सर्किटांचा हिशेब त्याच्यासाठी एकत्रच होता. प्रत्येक सर्किटला वेगळा आरसीबीओ (एमसीबी आणि आरसीसीबी एकत्र असलेला स्विच) असता तर पहिल्याच दिवशी उघड झाले असते. ३० मिलिअँपिअरचा आरसीबीओ १५ ते ३० मिलिअँपिअरच्या दरम्यान कुठेतरी पडतो, आणि ९ वॅटचा एक दिवाही कमीत कमी ३९ मिलिअँपिअर घेतो. पॅसेजचा दिवा लावला की दोनपैकी एक पडलाच असता.

हे घर एका फेजचे आहे, ते बरे. तीन फेजच्या घरात ही दोन सर्किटे वेगवेगळ्या फेजवर असती आणि तो सामाईक न्यूट्रल तुटला असता, तर दोन्हीकडची उपकरणे मालिकेत येऊन त्यांच्यावर ४०० व्होल्ट विभागले गेले असते. अशा वेळी लहान भाराच्या वाट्याला जास्त व्होल्टेज येते. एका बाजूला हीटर आणि दुसऱ्या बाजूला एलईडी दिवा असेल, तर दिव्यावर जवळजवळ पूर्ण ४०० व्होल्ट येतात.

काय केले

सगळी वायरिंग नव्याने करण्याचा सल्ला आम्ही बाजूला ठेवला. जळलेला भाग सोडून उरलेल्या वायरीची इन्सुलेशन तपासणी ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) केली. त्याआधी सगळे एलईडी दिवे, पंख्यांचे रेग्युलेटर आणि चार्जर काढून ठेवले, नाहीतर मेगर त्यांनाच मारतो. तारा निरोगी निघाल्या. मग प्रश्न उरला भार कसा वाटायचा याचा.

इस्त्री आणि हीटर दोन्ही घरात राहणार होते. "ते एकाच वेळी लावू नका" असे सांगून वायरिंगचे दुखणे माणसांच्या आठवणीवर सोडून देणे मला पटत नाही. आतल्या खोलीत इस्त्रीसाठी १६ अँपिअरचा एक सॉकेट आणि बाहेर हीटरसाठी एक, या दोघांना डीबीतून २.५ स्क्वेअर एमएमची स्वतंत्र लाइन आणि १६ अँपिअरचा स्वतंत्र एमसीबी, असे ठरले. बाहेरच्या खोलीपर्यंत जुन्या पाइपमध्ये जागा होती. पाइपाच्या पोकळीचा चाळीस टक्क्यांच्या आसपास भाग भरला की थांबायचे, त्याच्या आत बसले. पॅसेजमधल्या पाइपात मात्र एका वळणावर प्लास्टर उतरले होते आणि नवी वायर पुढे सरकेना. जोर लावून ओढली असती तर जुन्या चांगल्या वायरीचे इन्सुलेशन सोलले असते. तेवढा टप्पा भिंतीवरून पट्टी मारून नेला. दिसायला सुंदर नाही, काकूंनाही ते फारसे आवडले नाही. पण भविष्यात उघडून पाहता येते, आणि माझ्या दृष्टीने ही गोष्ट जास्त महत्त्वाची आहे.

दिवे, पंखे आणि चार्जरचे छोटे सॉकेट जुन्या सर्किटवर एकत्रच राहिले. आतल्या बोर्डातला ६-१६ चा सॉकेट काढून पुन्हा ६ अँपिअरचा लावला. घरच्यांना हे मागे जाण्यासारखे वाटले. पण सॉकेटचे भोक हीच पहिली मर्यादा असते. जाड पिन आत गेली नाही की माणूस आपोआप योग्य सॉकेटकडे जातो. एमसीबी परत १० अँपिअरचा.

पॅसेजच्या टू-वे दिव्याचा फेज दाराजवळच्या बोर्डातून तोडला आणि बाहेरच्या खोलीच्या बोर्डातून, म्हणजे ज्याचा न्यूट्रल त्याच सर्किटवरून दिला. त्यानंतर दोन्ही सर्किटांना वेगळे आरसीबीओ लावले, आणि दिवा लावला तरी एकही पडला नाही.

जोडांच्या कामाला सर्वांत जास्त वेळ गेला आणि तो तसाच जायला हवा. बाहेरच्या बोर्डात आलेली वायर, पुढे जाणारी वायर आणि सॉकेटसाठीचा एक छोटा तुकडा, असे तिन्ही न्यूट्रल एका खटक्याच्या कनेक्टरमध्ये घेतले. त्यात प्रत्येक वायरीची पकड वेगळी असते, जाड वायर बारकीचा दाब खात नाही. सॉकेटच्या स्क्रूखाली आता एकच वायर जाते. सॉकेट पूर्ण काढून घेतला तरी पुढचा न्यूट्रल आणि अर्थ तुटत नाहीत. फेज आणि अर्थचे जोडही तसेच केले. बहुतारी वायरीच्या टोकांना स्क्रूखाली जाण्याआधी लग (धातूच्या टोप्या) दाबले, आणि प्रत्येक जोड हाताने ओढून पाहिला. एवढे करताना वायर आखूड पडत असेल तर ताणून बसवू नये, तुकडा जोडून घ्यावा; ताणलेली वायर बोर्ड बंद करतानाच स्क्रूमधून सरकते.

एक सूचना कोणीतरी आधी दिली होती, ती इथे स्पष्ट नाकारतो: न्यूट्रल खराब आहे ना, मग अर्थिंगवरून न्यूट्रल घ्या. तसे केले असते तर आरसीसीबी लगेच पडला असता. मग आरसीसीबी काढून टाकण्याची पुढची सूचना आली असती, आणि नंतर अर्थिंगची तार कुठेही तुटली की इस्त्रीसह प्रत्येक धातूच्या उपकरणाच्या अंगावर २३० व्होल्ट आले असते.

नंतरची मापे

काम संपल्यावर तोच हीटर आतल्या नव्या १६ अँपिअरच्या सॉकेटला लावून मोजले. व्होल्टेज २२७ च्या थोडे वर राहिले. न्यूट्रल-अर्थ दीड व्होल्टच्या आत. जुन्या सर्किटवरचे जोड त्याच भाराखाली तपासायचे होते, म्हणून हीटर थोडा वेळ तिथेही चालवला आणि कनेक्टर हाताला कोमट सुद्धा लागला नाही. काही आठवड्यांनी सर्व टर्मिनलचे स्क्रू पुन्हा तपासले. बहुतारी तांबे दाबाखाली थोडे बसते, त्यामुळे नव्या जोडांचे स्क्रू एकदा परत आवळावेच लागतात. तीन स्क्रू पाव फेरा फिरले.

घराचे दुसरे सर्किट, दाराजवळच्या बोर्डाचे, अजूनही दिवे आणि सॉकेट यांचे एकत्रच आहे. तेही वेगळे करू का, असे घरच्यांनी विचारले. तिथे चार्जर आणि एक टेबल-लॅम्पच लागतो, वायर सगळी १.५ ची आणि एमसीबी १० चा, जोड उघडून पाहिले ते चांगले होते. तसेच ठेवले. डीबीच्या झाकणाच्या आत नव्या नकाशाचा कागद चिकटवला आहे. त्यात प्रत्येक एमसीबीसमोर तो कुठले पॉइंट चालवतो ते लिहिले आहे, आणि दोन्ही जुन्या सर्किटांपुढे मोठ्या अक्षरांत: वायर १.५, एमसीबी १० पेक्षा मोठा बसवू नये, १६ अँपिअरचा सॉकेट लावू नये.